पळतीची वर्षं

पारंपरिक खो-खोत पळणारीच्या नावावर गुण लागत नाहीत. आक्रमण करणारीने गडी बाद केला की फलकावर आकडा चढतो. पळणारीच्या नावापुढे मात्र फक्त वेळ लिहिली जाते: एक मिनिट चाळीस सेकंद, दोन मिनिटं दहा सेकंद आणि फारच चांगला दिवस असेल तर ‘नाबाद’. माझी उमेदीची वर्षं मी या वेळेवर काढली. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघात माझं काम ठरलेलं होतं, पहिल्या तुकडीत उतरायचं आणि कुणाच्या हाताला लागायचं नाही.

पारंपरिक खेळात एक पाळी नऊ मिनिटांची असते. मैदानावरच्या नऊ जणी तीन-तीनच्या तुकड्यांनी पळायला उतरतात. म्हणजे सरासरी प्रत्येकीच्या वाट्याला एक मिनिट येतं. नवव्या गड्यानंतरही वेळ उरला, तर पहिली तुकडी पुन्हा मैदानात येते आणि प्रतिस्पर्ध्यांचे गुण चढतच राहतात. म्हणून पहिल्या तुकडीतल्या एकीने दोन मिनिटं काढली की मागच्या मुलींचं ओझं तेवढं उतरतं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या खांबावर सूर मारून गडी टिपणारीला. पळणारी किती लढली, ते बाहेर बसलेल्या सहा जणींना कळतं, कारण तिने काढलेला प्रत्येक सेकंद त्यांना पळावा लागणार नसतो. मी या कामाकडे नेहमी असंच पाहिलं. आपण दुसऱ्यासाठी वेळ मिळवतो आहोत, ही जाणीव पायांत असली की दम लागल्यावरही आणखी एक फेरी निघते.

आमचा लोहारा तालुका तसा नवा, १९९९ सालचा. त्याआधी आम्ही उमरगा तालुक्यात होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. सास्तूर आणि भोवतालच्या गावांनी जे सोसलं, ते ऐकतच आम्ही मोठे झालो. जुन्या दगडामातीच्या घरांच्या जागी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. रस्ते रुंद झाले, घरांमध्ये अंतर आलं आणि शाळेच्या पुढे-मागे मोकळी जागा राहिली. त्या मोकळ्या जागेत आमची पिढी खेळली. खेळायला दुसरं काही नव्हतंच. खो-खोला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, जाळी लागत नाही. दोन खांब रोवले, फक्कीने रेषा आखल्या आणि मुलींना रांगेत बसवलं की खेळ सुरू. कोरडवाहू शेतावर सोयाबीन-तुरीच्या भरवशावर जगणाऱ्या घरातल्या मुलीला परवडणारा हा एकच खेळ होता.

मैदान तयार करणं हेही कामच होतं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला धरते. त्यावर मुरूम टाकायचा, खडे वेचायचे, पाणी मारायचं, चोपायचं आणि मग आखायचं. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. आम्ही अनवाणी खेळायचो. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर सराव असायचा. आमचे सर सरावानंतर भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे-गूळ वाटायचे. काही मुलींसाठी ते दिवसातलं सगळ्यात पौष्टिक खाणं होतं, हे सरांना ठाऊक होतं. म्हणून वाटताना ते कुणाकुणाच्या ओंजळीत जरा जास्त टाकायचे.

गावात बोलणारे बोलायचे. पोरीच्या जातीनं हाफपँट घालून किती पळायचं, असं आईला पाणवठ्यावर ऐकावं लागायचं. वडील एवढंच म्हणायचे, “पळू द्या की. आपल्या समोरच पळतीय.” त्या एका वाक्यावर माझी पहिली काही वर्षं निभावली.

पळती ही नुसत्या वेगाची गोष्ट नाही, हे शिकायला मात्र वेळ लागतो. खो-खोचा सगळा डाव एका नियमाभोवती फिरतो: पळणारी बसलेल्या मुलींच्या मधून कशीही आरपार जाऊ शकते, पाठलाग करणारी जाऊ शकत नाही. एकदा दिशा धरली की तिला त्याच दिशेने खांबापर्यंत जावं लागतं, नाहीतर बसलेल्या मैत्रिणीला मागून खो द्यावा लागतो. तिची दिशा ठरते खांद्यांवरून. म्हणून सर सांगायचे, “तिच्या डोळ्यांकडं बघू नको. डोळे फसवतात. खांदा बघ.” खांदा वळला की समजायचं, आता हिला परत फिरता येणार नाही. ज्या क्षणी ती बांधली जाते, त्या क्षणी आपण मोकळ्या होतो. पुढची अडीच-तीन पावलं त्या क्षणावर उभी असतात.

मग पळण्याच्या रीती. एकेरी साखळीत एका बसलेल्या मुलीच्या पुढून, दुसरीच्या मागून असं विणत जायचं. दुहेरी साखळीत दोन-दोन मुली सोडून पार व्हायचं. गोल पळतीत खांबाजवळच्या काही मुलींभोवती फिरत राहायचं आणि पाठलाग करणारीला खांबाकडे जायला भाग पाडायचं. साखळीत अंतर जास्त पडतं, पण पुढचं दिसत राहतं. गोलात दम वाचतो, पण एक चुकीचा खो आणि आपण तिच्या हातात. कोणत्या संघाविरुद्ध काय खेळायचं, हे त्यांची उंच मुलगी कोणत्या चौकोनात बसली आहे, खांबावर सूर मारणारी कुठे आहे, यावर ठरायचं. उतरण्याआधी मी बसलेल्या मुलींच्या पायांकडे पाहायचे. जिची टाच आधीच उचललेली असायची, तिला पुढचा खो मिळणार हे बहुतेक वेळा खरं ठरायचं.

तुकडीतल्या तिघींचंही एक नातं असतं. पाठलाग एकीचाच होतो, उरलेल्या दोघी तोवर श्वास घेतात. पण तिला फार वेळ एकटीला पळू देऊन चालत नाही. ती थकली की दुसरीने मुद्दाम पाठलाग करणारीच्या नजरेत यावं लागतं, म्हणजे खो दुसरीकडे वळतो. याची कुठे नोंद होत नाही. माझ्या एका जोडीदारणीने एका उपांत्य सामन्यात असं दोनदा केलं आणि दुसऱ्या वेळी ती बाद झाली. तिच्या नावापुढे कमी सेकंद लागले, माझ्या नावापुढे जास्त. त्या सामन्यानंतर वर्तमानपत्राच्या बातमीत माझं नाव आलं. ते कात्रण मी तिच्याच घरी नेऊन दिलं.

धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, सरावासाठी आणि निवड चाचणीसाठी एसटीने जायचं तेव्हा खरी दुनिया दिसायची. जिल्ह्याचं ठिकाण मागास म्हणून ओळखलं जात असलं तरी खो-खोत त्याचं नाव मोठं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली घडलेल्या मुलींचा सराव पाहिला की आपण कुठे कमी पडतो, ते न सांगता कळायचं. त्यांच्यातल्या सारिका काळे यांचं नाव पुढे देशभर झालं. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा समावेश झाला, तेव्हा भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या आणि संघाने सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार बावीस वर्षांनी मिळत होता. जवळपास दशकभर दिवसातून एकदाच जेवून आपण खेळलो, हे त्यांनी त्या वेळी जाहीरपणे सांगितलं. पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या.

आमच्या भागातल्या मुलींसाठी त्यांच्या पदकाइतकीच मोठी होती ती नोकरी. हे मी मनापासून सांगते. शहरातल्या माणसाला खेळ म्हणजे आवड वाटते, आमच्याकडे खेळ हा घराबाहेर पडण्याचा आणि स्वतःच्या नावाने पगार घेण्याचा मार्ग होता. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरणासारख्या संस्थांची खेळाडू भरती, या तीन पायऱ्या प्रत्येक मुलीला तोंडपाठ असायच्या. कोणती स्पर्धा खेळली की कोणत्या गटाच्या पदासाठी प्रमाणपत्र चालतं, हे बारावीची मुलगी शासन निर्णयासकट सांगायची. प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या कोठीत ठेवलेली मी पाहिली आहेत, कारण घरात तीच एक जागा कोरडी असायची.

पण हा रस्ता अरुंद आहे. किशोरी गटात देशात उत्कृष्ट ठरलेल्या मुलीला ‘इला’ पुरस्कार मिळतो, कुमारी गटात ‘जानकी’, खुल्या गटात ‘राणी लक्ष्मीबाई’. गट बदलत जातो तशा मुली गळत जातात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मैदान भरलेलं असतं. अठराव्या वर्षी निम्म्या मुलींची लग्नं ठरलेली असतात. खुल्या गटात राज्याच्या संघाच्या दारात उभ्या राहतात त्या मोजक्याच.

माझ्या दिराचा मुलगा अमेरिकेत डॅलसला असतो. एका सुट्टीत तो घरी आला असताना मी मुलींना हुलकावणी शिकवत होते. पाहता पाहता म्हणाला, “काकू, आमच्याकडं रनिंग बॅक असंच करतात.” संध्याकाळी त्याने मोबाइलवर अमेरिकन फुटबॉलचा खेळ दाखवला. चेंडू छातीशी घट्ट धरलेला एक माणूस समोरून येणाऱ्या धिप्पाड माणसांच्या गर्दीत शिरतो, खांदा एकीकडे टाकतो, पाऊल दुसरीकडे ठेवतो आणि निसटतो. पुतण्याच्या डॅलसच्याच संघातून पुढे आलेल्या एमिट स्मिथने पंधरा हंगामांत १८,३५५ यार्ड पळून विक्रम केला आणि तो अजून मोडलेला नाही. बॅरी सँडर्स नावाचा दुसरा एक खेळाडू दहा हंगामांत १५,२६९ यार्ड पळाला आणि तेव्हाचा विक्रम हाताच्या अंतरावर असताना, १९९९ मध्ये, खेळ सोडून घरी गेला. मला सँडर्सचं पळणं जास्त आवडलं. त्याचा खांदा खोटं बोलायचा आणि कंबर खरं.

मग त्या मुलाने जे सांगितलं, त्याने मला रात्रभर विचारात पाडलं. हे दोघे अपवाद. तिथल्या खेळाडू संघटनेच्या आकड्यांनुसार रनिंग बॅकची सरासरी कारकीर्द तीन वर्षंही भरत नाही. त्या खेळात या जागेवरच्या माणसाला फार मार बसतो. प्रत्येक वेळी चेंडू घेतला की कुणीतरी त्याच्यावर आदळणार हे ठरलेलंच. गुडघे, घोटे, डोकं, सगळं लवकर झिजतं. पंचविशी-सत्ताविशीनंतर संघ त्याच्याशी मोठा करार करायला कचरतात, कारण महाविद्यालयातून नवे, ताजे पाय दरवर्षी येतच असतात. इतका पैसा, इतके डॉक्टर, इतकी शास्त्रं असूनही पळणाऱ्या माणसाचा हिशेब तिथेही तोच. त्याच्या आणि आमच्या कामात फरक आहे. त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे पाच-सहा आडदांड सोबती असतात, आम्ही रिकाम्या हाताने एकट्याच पळतो. पण दोघांचंही भांडवल एकच आहे, पाय, आणि ते सगळ्यात आधी संपतं.

माझा गुडघा गेला तो एका निमंत्रित स्पर्धेत. पावसानंतर मैदान वरून वाळलं होतं, आतून ओलं होतं. साखळी तोडून मी गोलात शिरत होते. डावं पाऊल रुतलं, शरीर वळलं, गुडघा वळला नाही. आतून झालेला आवाज मला ऐकू आला. आयोजकांकडे बर्फ नव्हता, गाडी नव्हती. मैत्रिणींनी मला उचलून रस्त्यापर्यंत नेलं. तिथल्या एका डॉक्टरने मुरगळलं आहे म्हणून पट्टी बांधली आणि विश्रांती घ्या म्हणाला. लिगामेंट तुटलं आहे, गुडघ्यातली गादीही फाटली आहे, हे कळायला काही महिने गेले, कारण तपासणीला सोलापूरला जायचं आणि त्या तपासणीचे पैसे भरायचे, हे दोन्ही घरच्यांना लगेच जमणारं नव्हतं. शस्त्रक्रियेसाठी वडिलांनी बैलजोडीतला एक बैल विकला. दुसरा एकटा काही कामाचा नव्हता, तोही पुढे गेला.

त्या काळात मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल, तर ते शांततेने. स्पर्धा चालू होत्या, संघ जात होता, माझ्या जागी दुसरी मुलगी उतरत होती आणि चांगली पळत होती. ते तसंच व्हायला हवं, हे मला कळत होतं. पण आपण ज्या कामासाठी ओळखले जातो ते काम हातातून गेलं की माणूस घरात कुठे बसावं हेसुद्धा विसरतो. मी परत खेळले, वर्षभराने. वेळ काढली, पण पूर्वीची नाही. डाव्या बाजूला वळताना मन एक क्षण थांबायचं आणि खो-खोत त्या एका क्षणात हात पाठीला लागलेला असतो.

मला सावरलं ते एका गोष्टीने: सरांनी मला बी.ए. सोडू दिलं नव्हतं. स्पर्धेला जाताना पिशवीत पुस्तकं असलीच पाहिजेत, हा त्यांचा दंडक होता. रेल्वेच्या डब्यात वरच्या बर्थवर बसून आम्ही नोट्स वाचायचो. गुडघा गेल्यावर मी बी.पी.एड. केलं आणि शारीरिक शिक्षणाची शिक्षिका झाले. आज लोहाऱ्यात संध्याकाळी मैदानावर मुलींना शिकवते. माझ्याबरोबरच्या काही जणी, माझ्याहून सरस पळणाऱ्या, आज दुसऱ्यांच्या शेतावर खुरपणीला जातात. खेळ संपला तेव्हा त्यांच्या हातात पदवी नव्हती आणि प्रमाणपत्रं खालच्या स्तराची म्हणून कुठल्याच भरतीत चालली नाहीत. त्यांच्या पायांत काही कमी नव्हतं. त्यांना पुढचं कुणी आखून दिलं नव्हतं, एवढाच फरक.

म्हणून मी शिकवते ते माझ्या सरांपेक्षा थोडं वेगळं. सराव सुरू होण्याआधी गुडघ्याभोवतीच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम होतात, एका पायावर उतरण्याचा सराव होतो. पाऊस पडला की मैदानात हात घालून ओल तपासल्याशिवाय कुणी पळत नाही. वर्षातून दोनदा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन मुलींचं हिमोग्लोबिन तपासून घेते. रक्त कमी असलेली मुलगी आळशी वाटते आणि तिला उगाच बोलणी बसतात. पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे मी मुलींशी उघडपणे बोलते, त्यांच्या आयांशीही बोलते. आणि वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे दोन रकाने आहेत, एक पळतीच्या वेळेचा, एक परीक्षेच्या गुणांचा. दुसरा रकाना घसरला तर मी पहिल्यावर खूश होत नाही.

खेळ बदलतो आहे आणि मला त्याचा आनंद आहे. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. मॅट आली, बूट आले, टीव्हीवर आमचा खेळ रंगीत प्रकाशात दिसला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. पुरुषांचा संघही प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली जिंकला. आमच्या शाळेत त्या रात्री मुलींनी मोबाइलभोवती कोंडाळं करून सामना पाहिला. दुसऱ्या दिवशी मैदानावर नेहमीपेक्षा जास्त मुली आल्या. पण ती लीग सुरू झाली ती पुरुषांसाठी. मुलगा पळला तर त्याच्यापुढे करार असू शकतो, मुलगी पळली तर अजूनही नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहायची. आणि मॅटवरचा खेळ शिकायला मॅट लागते. तालुक्याच्या मुली मुरुमावर अनवाणी सराव करून मॅटवर बूट घालून खेळायला गेल्या की पहिला सामना पाय ओळखण्यातच जातो.

मला मागायचं आहे ते फार नाही. तालुक्याला एक मॅट हवी. प्रत्येक निमंत्रित स्पर्धेच्या मैदानाशेजारी बर्फ, प्रथमोपचार जाणणारा माणूस आणि एक गाडी हवी, आणि त्याशिवाय सामना सुरू करू नये असा नियम हवा. राज्य पातळीवर खेळणाऱ्या प्रत्येक मुलीचा विमा हवा, म्हणजे तिच्या गुडघ्यासाठी कुणाच्या दावणीचा बैल सुटणार नाही. आणि महिलांची लीग हवी. पळणाऱ्या मुलीची कमाईची वर्षं थोडी असतात, हे डॅलसमध्येही खरं आहे आणि लोहाऱ्यातही. म्हणूनच ती वर्षं सुरू होतात त्याच दिवशी पुढच्या चाळीस वर्षांचा विचार सुरू झाला पाहिजे. तो विचार करणं हे त्या चौदा वर्षांच्या मुलीचं काम नाही. तिचं काम पळायचं आहे. विचार करायचा आहे तो आम्ही: तिच्या शिक्षकांनी, तिच्या संघटकांनी, तिच्यावर टाळ्या वाजवणाऱ्या गावाने. माझ्यासाठी एका माणसाने तो केला, म्हणून आज मी पगाराच्या नोकरीत आहे आणि मैदानावरही आहे. एवढं प्रत्येकीच्या वाट्याला यावं, यासाठी मी शिकवते.